पुसलेला ठिपका

चंपतरावांच्या गालाचा तुकडा आमच्या पॅथॉलॉजी विभागात दुसऱ्यांदा आला तो ऐंशी सालच्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी. प्रेमिलानं स्लाइडचा ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली. ही आमची नवी टेक्निशियन. ट्रे ठेवला की वाऱ्यासारखी पळायची तिची सवय. “काय गं?” मी विचारलं. “मॅडम, ती तिसरी स्लाइड आपल्या चंपतरावांची आहे,” ती म्हणाली. “वळ्या पडल्या तिच्यावर. या गर्मीत मेण वितळून राहिलं. जरा सांभाळून पाहा.” सोबतच्या कागदावर सर्जननं नेहमीच्या घाईत लिहिलं होतं: वय बावन्न, डाव्या गालाच्या आत जखम, तोंड जेमतेम एक बोट उघडतं, मानेत गाठ. खाली आणखी एक ओळ होती: मागची तपासणी ऑगस्ट १९७९, रिपोर्ट साधी सूज, जखम भरून येत आहे. त्या रिपोर्टखाली सही माझी होती. मला धक्का बसला असं म्हणायला हवं, पण बसला नाही. मी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि पहिली स्लाइड उचलली, मग दुसरी. त्या दोन्ही कुणा परक्यांच्या होत्या आणि त्यांचे रिपोर्ट मी अगदी सुवाच्य अक्षरात लिहिले.

तिसरीला फार वेळ लागला नाही. वळ्यांमधूनही दिसत होतं. कॅन्सरच्या गाठीच्या पेशी सगळीकडे होत्या. मध्येच कांद्याच्या चकतीसारखे त्यांचे गोल गोल थर, तेच ते, दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखेल असे. रक्तवाहिन्या भरपूर होत्या, पातळ भिंतींच्या, वाकड्यातिकड्या, कुठून निघून कुठं जातात याचा पत्ता नसलेल्या, पण तांबड्या पेशींनी गच्च. आणि पांढऱ्या पेशी, ज्यांनी अशा वेळी धावून यायचं असतं, त्या तुरळक होत्या, लांब लांब उभ्या. जणू त्यांचं इथलं काम आटोपलं होतं. मी प्रेमिलाला जुनी स्लाइड काढायला सांगितली. लाकडी कपाटाचा ऑगस्टचा खण ओढताना अडकतो, तो चंपतरावांनाच नीट उघडता येतो. प्रेमिला खणाशी झगडत होती तेवढा वेळ मी पंख्याकडे पाहत बसले.

चंपतराव आमच्या विभागात तीस वर्षं आहेत. डॉक्टर येतात, बदलून जातात. मेणात मांस बसवणारा आणि त्याचे कांद्याच्या सालीहून पातळ काप काढणारा माणूस तोच. नागपूरच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, काप चुरगळतो, म्हणून एप्रिल लागला की ते सकाळी सहालाच येत. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलच्या कॅरियरवर बांधून आणत आणि मेणाचे ठोकळे तिच्यावर अर्धा अर्धा तास मांडून ठेवत. मग सुरीवरून कापांची रिबीन सरसर निघायची, ती कोमट पाण्यावर सोडायची आणि ब्रशच्या दोन केसांनी उलगडायची. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं, मी एम.डी. करायला आले तेव्हा. एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच केली नाही. स्लाइडमध्ये काय आहे ते ते बोलत नसत. टेक्निशियननं स्लाइड कापायची, रंगवायची, वाचायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. कुणी लिहून ठेवलेला नाही पण सगळे पाळतात. तीस वर्षांत लाखभर स्लाइडी डोळ्यांखालून गेलेल्या माणसाला काहीच कळत नाही असं आम्ही सगळे डॉक्टर लोक मोठ्या शहाणपणानं धरून चालायचो.

त्यावर त्यांनी काढलेली वाट म्हणजे ठिपका. परीक्षेच्या आधी सरावाच्या स्लाइडींवर आम्हाला छोटा काळा ठिपका सापडे, नंबर घालायच्या शाईचा, नेमक्या जागेच्या शेजारी, जागा झाकणार नाही असा. तिथं पाहिलं की उत्तर मिळे. पाहून झालं की स्पिरिटच्या बोळ्यानं तो पुसायचा आणि मगच स्लाइड पेटीत ठेवायची, म्हणजे सरांना कळत नसे. संध्याकाळी चंपतराव पेटी आवरताना एकेक स्लाइड उजेडात धरून बघत. ठिपका गेलेला असला की समजत, पोरीनं पाहिलं. ठिपका तसाच असला तर दुसऱ्या दिवशी तीच स्लाइड ट्रेमध्ये सगळ्यांत वर. शब्दही न बोलता आमच्या तीन तुकड्या या माणसानं पास केल्या. सत्तर साली मी लेक्चरर झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं, “चंपतराव, आता ठिपके नकोत. मुलांना स्वतः शोधू द्या. आणि मलाही नकोत.” शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण तेव्हा माझ्या टेबलावर नावाची पाटी नवीन होती. ते “हो मॅडम” म्हणाले आणि त्यानंतर नऊ वर्षांत एकही ठिपका पडला नाही.

जुनी स्लाइड आली. मी ती मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि ऑगस्टमध्ये पाहिलेलं दृश्य जसंच्या तसं दिसलं, तेव्हा किती छान वाटलं होतं तेही आठवलं. नव्या कोवळ्या रक्तवाहिन्या पृष्ठभागाकडे सरळ निघालेल्या, आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशींची ही गर्दी: निळ्या टिकल्यांसारख्या गोल, काही कडेला केंद्र असलेल्या, काही कचरा उचलणाऱ्या मोठ्या फेसाळ. भरून येणारी जखम अशीच दिसते. पुस्तकात छापावी अशी. मी ती मुलांच्या पेटीसाठी बाजूला काढायचाही विचार केला होता. आता मी स्लाइड हळूहळू कोपऱ्याकडे नेली, जिथं ऑगस्टमध्ये नेली नव्हती. तिथं काप थोडा जाड होता आणि त्या गर्दीच्या ऐन मध्यभागी तीन पुंजके होते. लहान, पण कांद्याचे थर असलेले. त्यांच्याशेजारी धुरकट काळं काहीतरी दिसत होतं, फोकस होत नव्हतं, कारण ते आत नव्हतं, काचेवर होतं. मी स्लाइड काढून खिडकीशी धरली. शाईचा ठिपका नीट पुसला नाही की मधला भाग जातो आणि कडेची गोल रेघ राहते. अगदी तशी रेघ होती.

आठवायला त्रास पडला नाही. त्या दिवशी मारबत होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक. मी महाल भागात राहते; काळी-पिवळी मारबत निघाली की आमच्या गल्लीतून बाहेर पडणं कठीण. रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणून लोक ओरडत होते आणि मी रिक्षात बसून घड्याळ बघत होते. बाराला पोचले. चाळीस स्लाइडी साचल्या होत्या. एकीवर शाई दिसली. नंबर घालताना सांडली असेल म्हणून बोळा फिरवला आणि मग स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. पाहून पुसलं नाही, पुसून पाहिलं. नंबर कुणाचा ते मला ठाऊक होतं, कारण चंपतराव दाराशी उभे होते. महिनाभर गालात जखम होती, तंबाखू सोडली होती म्हणे. आपल्याच गालाचा तुकडा त्यांनी आपल्या हातानं मेणात बसवला होता, कापला होता, रंगवला होता. मला त्यांना चांगली बातमी द्यायची होती. घाई होती असं म्हणणं सोपं आहे, पण घाईपेक्षा हेच जास्त खरं. मी मधली गर्दी पाहिली, नव्या वाहिन्या पाहिल्या आणि म्हणाले, “भरून येतंय, चंपतराव. मस्त भरून येतंय.” त्यांनी ट्रेमधून ती स्लाइड उचलली, उजेडात धरली आणि हसले. बातमीला हसले असं मला वाटलं.

आणि हे सगळं मला माहीत नव्हतं असंही नाही. उलट मीच ते शिकवते. एका अमेरिकन सर्जननं सात-आठ वर्षांपूर्वी मांडलं होतं की गाठ टाचणीच्या डोक्याएवढी होईपर्यंत आजूबाजूच्या ओलाव्यावर जगते, पुढं वाढायचं तर तिला रक्त लागतं. म्हणून ती काहीतरी स्रवते आणि शेजारच्या वाहिनीला फांदी फुटते. आमच्या लायब्ररीत ते नियतकालिक बोटीनं तीन महिने उशिरा येतं. विभागात लोक हसले. मी हसले नाही, मी त्यावर व्याख्यान दिलं. प्रोजेक्टर चंपतराव चालवत होते. वर्ग सुटल्यावर वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “मॅडम, हे तं बांडगूळ झालं. आमच्या काटोलच्या वावरात आंब्यावर हाय. दुरून लई हिरवं दिसते. झाड वाळून राहिलं असते अन् ते फुलून राहिलं असते. नवा मानूस म्हणते, वा, काय तजेलदार फांदी हाय.” मी म्हणाले, हे पुढच्या वर्षी मुलांना सांगीन. सांगितलंही, माझंच म्हणून. पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणायची पुस्तकांना फार हौस. मला तो शब्द आवडत नाही. मला त्या सीताबर्डीवर अपघात झाला की जमणाऱ्या गर्दीसारख्या वाटतात. कुणी मदतीला येतं, कुणी नुसतं बघायला. कुणी पाणी आणतं, पण ते नेमकं कुणाला पाजतं याची गर्दीत खात्री नसते. त्या तीन पुंजक्यांना वाट कुणी करून दिली? वाहिन्यांना हाक त्यांनी स्वतः मारली, की कचरा उचलायला आलेल्या त्या मोठ्या पेशींनी, जखम समजून? म्हणजे मी केलेली चूक त्यांनीही केली असेल. हा विचार मनात आला आणि मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. ती मात्र खरीखुरी वाटली, त्या दिवसातली पहिली गोष्ट.

मार्तंड सर आमचे विभागप्रमुख. दोन वर्षांत निवृत्त होणार, शांत माणूस. मी दोन्ही स्लाइडी त्यांच्या टेबलावर नेल्या. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “तुकडाच वरवरचा घेतला होता, शामला. सर्जनला तसं कळव. नमुना अपुरा होता म्हणून लिही.” ते खरंही होतं. तुकडा वरवरचाच होता, पुंजके एका कोपऱ्यात होते, काप तिथं जाड होता. “आणि ही शाई?” मी विचारलं. त्यांनी स्लाइड परत माझ्याकडे सरकवली. “कसली शाई?” ते म्हणाले. “चंपतरावांना आता हे सांगून काय फायदा? आठ महिने परत येणार आहेत का? त्यांना शांतपणे जाऊ दे. तूही शांत राहा.” त्यांनी चहा मागवला. मी चहा प्यायले, त्यात साखर जास्त होती. सर वाईट बोलत नव्हते, आणि ते जे सांगत होते त्यात खोटं असं एकही वाक्य नव्हतं.

घरी आले. विश्वनाथ ऑफिसातून येऊन कूलरमध्ये पाणी भरत होते. “काय झालं?” त्यांनी विचारलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझा चेहरा त्यांना कळतो. “काही नाही,” मी म्हणाले. खसाचा ओला वास घरभर पसरला. पोळ्या करताना मला बोटावरची जखम दिसली, आठवड्यापूर्वी तव्याला चिकटलं होतं ते बोट. गुलाबी कातडी आली होती. तिथंही त्याच वाहिन्या आल्या होत्या, त्याच पेशी जमल्या होत्या, तीच सगळी धावपळ. फरक एवढाच की इथं काम संपलं आणि गर्दी घरी गेली. तिथं कुणी घरीच गेलं नाही. मी बोट बराच वेळ बघत राहिले आणि पोळी करपली. चंपतरावांनी ठिपका लावला, मी पुसला, मग ते गप्प का बसले? हा प्रश्न तेव्हा कुठं मला पडला. रिपोर्ट चुकला हे त्यांना दिसत होतं. मरण गालात घेऊन आठ महिने हा माणूस माझ्यासमोर ट्रे ठेवत राहिला, थंडीत, संत्र्यांच्या दिवसांत, मला पिशवीभर मृग बहाराची संत्री आणून देत, आणि बोलला नाही. रिवाजासाठी? माझा मान राखायला? मला त्यांचा राग आला. रागावणं किती सोयीचं होतं ते मला कळत होतं, तरी मी जेवण होईपर्यंत रागावून घेतलं.

बुधवारी सकाळी वॉर्डात गेले. खाट खिडकीजवळची होती. इंदूबाई, त्यांची बायको, स्टुलावर बसून चमच्यानं तांदळाची पेज भरवत होत्या. निम्मी आत जात होती, निम्मी टॉवेलवर. मला बघून त्या उठल्या. “बसा ना मॅडम. पाहा ना जी, कसं झालं हे. तुमी तं चांगलं म्हटलं होतं.” त्यात टोमणा नव्हता. त्या नुसत्या माहिती देत होत्या. चंपतरावांचा डावा गाल सुजून चकाकत होता. त्यांनी हात जोडले. मी बसले नाही.

“ठिपका तुम्ही लावला होता,” मी म्हणाले. “ऑगस्टमध्ये. तुमच्या स्वतःच्या स्लाइडवर.”

“हो,” ते म्हणाले. ओठ फारसे हलत नव्हते, शब्द दातांमागून येत होते.

“मग नंतर बोलला का नाहीत? मी काय लिहिलं ते तुम्हाला माहीत होतं. मला हाक मारायची, भांडायचं.” माझा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला.

चंपतरावांनी टॉवेलनं हनुवटी पुसली. त्यांना माझा प्रश्न कळला नव्हता असं त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. “काहून बोलू?” ते म्हणाले. “ठिपका पुसून आला ना, मॅडम. पुसला म्हंजे पाहिला. तुमच्या शिकायच्या टायमापासून तसंच आहे. म्या म्हटलं, मॅडमनं ती जागा पाहिली, अन् ते तसलं नाही असं ठरवलं. माझे डोये काही डाक्टरचे नाहीत.” मग थांबून, श्वास घेऊन म्हणाले, “मले तं लई बरं वाटलं. घरी जाऊन हिले सांगितलं. त्या दिवशी हिनं खीर केली.”

मार्तंड सरांचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तुकडा वरवरचा होता. ते म्हटलं असतं तर ठिपका, मी, ते, सगळेच त्यात मावलो असतो, आणि पुसला म्हणजे पाहिला हे त्यांच्याजवळ तसंच राहिलं असतं. त्यांना त्याचा आधार होता, हे मला दिसत होतं. तीस वर्षांचा आधार होता. मी खाटेची लोखंडी कड धरली. ती सकाळीच गरम झाली होती.

“मी पाहिलं नव्हतं,” मी म्हणाले. “शाई सांडली असेल असं वाटलं. न पाहताच पुसलं.”

वॉर्डात बरेच आवाज होते, ते चालू राहिले. इंदूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. “म्हंजे हे तवाच होतं का जी?” त्यांनी मला विचारलं.

“होतं. लहान होतं.”

“तवा काढता आलं असतं?”

“हो,” मी म्हणाले. “बहुतेक सगळं.”

त्यांनी वाटी स्टुलावर ठेवली. चमचा आत बुडाला, तो त्यांनी काढला नाही. मला वाटलं होतं त्या ओरडतील, आणि त्यांनी ओरडावं असंही वाटत होतं. त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या, उलगडून पुन्हा गुंडाळत. चंपतराव छताकडे बघत होते. नर्स एकदा येऊन ताप बघून गेली.

“नवी स्लाइड कोनं कापली?” त्यांनी शेवटी विचारलं.

“प्रेमिलानं.”

“वळ्या पडल्या असतील.”

“पडल्या.”

“तिले सांगजा, ठोकळा अर्धा तास बर्फावर ठेव म्हना. घाई करते ते पोरगी.” त्यांनी डोळे मिटले. “पांढऱ्या पेशी आहेत का आता? भवताल?”

मी खोटं बोलले नाही. “नाहीत,” म्हणाले. “फार थोड्या.”

त्यांनी मान हलवली, कुणी नंबर सांगितल्यावर हलवावी तशी. मग भिंतीकडे तोंड केलं आणि तिकडूनच म्हणाले, “जुनी स्लाइड फेकू नका. ठिपका लावून पोरायच्या पेटीत ठेवजा. नेमक्या जागी लावजा. बंदी होती ना तुमची, म्हून सांगून राहिलो.” इंदूबाई उठून त्यांच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहिल्या. “तुमी जा आता, मॅडम,” त्या म्हणाल्या, अगदी हळू.

मी विभागात परत आले. वाटेत रडू येईल म्हणून रुमाल हातात काढून ठेवला होता, तो तसाच पर्समध्ये परत गेला. मार्तंड सरांच्या खोलीचं दार उघडं होतं, ते वर बघून काही विचारणार होते, मी थांबले नाही. नवा रिपोर्ट लिहिला. त्याखाली आणखी चार ओळी लिहिल्या: ऑगस्टच्या स्लाइडमध्ये गाठ होती, जागेवर खूण केलेली होती, ती माझ्याकडून पाहिली गेली नाही. सही केली आणि कागद प्रेमिलाच्या हातात दिला. मग चंपतरावांच्या टेबलावरून शाईची दौत आणि टाक आणला. जुनी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली, तीन पुंजके शोधले, टाक बुडवला. इतकी वर्षं ठिपके पाहिले, लावला मात्र कधी नव्हता. ठिपका शेजारी पडायच्या ऐवजी नेमका त्या जागेवर पडला, आणि खालचं सगळं झाकलं गेलं. तो पुसून पुन्हा लावायला हवा होता. मी स्पिरिटमध्ये बोळा भिजवला, स्लाइडपाशी नेला. प्रेमिला दोनदा डोकावून गेली, काही लागतं का विचारून गेली. मी नाही म्हणाले. पंख्याखाली बोळा माझ्या बोटांतच वाळून गेला.